दिवाणातला भोंगा

रविवारी सकाळी मधुमती कुंभोजकर कांदा चिरत होती आणि तिची मुलगी वल्लरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओट्यावरचा पसारा बघत होती. खवलेलं खोबरं, लिंबाच्या फोडी, ठेवणीतल्या चिनी मातीच्या बशा.

"आई, कांदेपोहे?"

"मग? बाहेरची कचोरी आणू?"

"कचोरी चालली असती. आणि त्या बशा कशाला काढल्यास?"

"पाहुणे येतायत म्हणून."

"ते लोक मला बघायला नाही येत आहेत, आई."

"बघायलाच येतायत," मधुमती म्हणाली. "मुलगी कशी आहे, घर कसं आहे, आईबाप कसे आहेत. तूच सांगितलंस ना?"

वल्लरीने सांगितलं होतं ते जवळजवळ असंच होतं. पगडंडी न्यास नावाची संस्था दरवर्षी राजस्थानातल्या मोजक्या संशोधक विद्यार्थ्यांना दोन वर्षांची अभ्यासवृत्ती देत असे. आंदोलनात नाव आलेल्या मुलांपासून बाकीचे देणारे चार हात लांब राहत. हा न्यास मुद्दाम अशांनाच शोधत असे. वल्लरीचा प्रबंध बस्सी आणि आसपासच्या गावांतून रोज बसने जयपूरच्या कॉलेजात येणाऱ्या मुलींवर होता. त्यातल्या किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकतात, ज्या गळतात त्या कशामुळे गळतात. लेखी फेरी पार पडली होती, मुलाखतही चांगली झाली होती. शेवटची फेरी घरी व्हायची होती. न्यासाची दोन माणसं येणार, उमेदवाराला थोडा वेळ बाहेर पाठवणार आणि घरच्यांशी बोलणार.

ही फेरी कशासाठी असते ते न्यासाच्या पत्रकात छापलेलं होतं. मधुमतीने ते वाचलं नव्हतं. पत्रक इंग्रजीत होतं, आणि सदाशिवने वाचलंय म्हटल्यावर तिला ते पुरेसं वाटलं होतं.

सदाशिव विमा कंपनीत अधिकारी होता. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे मुलीची शाळा मोडणार, म्हणून त्याने दोनदा बढती नाकारली होती. या वर्षी ती पुन्हा आली, आणि आली ती थेट कोल्हापूरची. सांगली जिल्ह्यातल्या माणसाला निवृत्तीच्या तोंडावर कोल्हापूर मिळालं तर तो ते सोडत नाही. सदाशिवनेही सोडलं नाही. मे महिन्याच्या अखेरीस जयपूरच्या दुर्गापुऱ्यातलं हे भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. वल्लरीचं काय, हे तिघांनी जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलं होतं. अभ्यासवृत्ती मिळाली तर तिने खातीपुऱ्यात खोली घेऊन इथेच राहायचं आणि प्रबंध पुरा करायचा. नाही मिळाली तर सामानाबरोबर कोल्हापूर. वल्लरीने मान डोलावली होती, आणि ती शब्द फिरवणारी नव्हती. मग प्रबंध संपलाच. बस्सीच्या मुलींचा अभ्यास कोल्हापुरात बसून कोणाला करता येणार?

मुलगी मागे राहावी असं मधुमतीला वाटत होतं. हे तिने कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तिचं स्वतःचं बी.एड. दोन वेगवेगळ्या गावांत दोनदा अर्धं राहिलं होतं, आणि तेही तिने कोणाजवळ फारसं काढलं नव्हतं.

म्हणून आज तिला कुठे कसूर राहू द्यायची नव्हती. परीक्षा घ्यायला येणाऱ्या परक्या माणसांचं स्वागत करण्याची एकच पद्धत तिला ठाऊक होती. मराठी मंडळातल्या वीणाताईंचे यजमान इथल्या लष्करी तळावर होते. वीणाताईंनी गेल्या वर्षात वल्लरीसाठी दोन स्थळं आणली होती. दोन्ही वेळा घर असंच सजलं होतं. दोन्ही वेळा वल्लरीने नकार दिला होता, पण पाहुणे मात्र खूश होऊन गेले होते. जे बघून पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडेल ते आधीच आत टाकायचं, हा त्यातला पहिला नियम. मधुमतीने सकाळीच, वल्लरी अंघोळीला गेल्यावर, तिच्या खोलीतली पोस्टरं गुंडाळली, लाल अक्षरांचा कापडी फलक घडी घातला, आणि सगळ्यांत शेवटी तो हातात धरायचा भोंगा उचलला. एका बाजूला पोचा आलेला. हे सगळं तिने बाहेरच्या खोलीतल्या दिवाणात, रजयांच्या खाली घातलं, झाकण लावलं आणि वर नवी सांगानेरी चादर अंथरली.

भोंग्याला पोचा डिसेंबरात आला होता. वसतिगृहातल्या मुलींच्या सरकारी शिष्यवृत्त्या महिनोन् महिने अडकल्या होत्या, आणि फी भरली नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसू देत नव्हते. वल्लरी आणि इतर मुली विद्यापीठाच्या कार्यालयासमोर धरणं धरून बसल्या. तिथून पोलिसांनी त्यांना गाडीत घालून ठाण्यात नेलं आणि संध्याकाळी सोडलं. वल्लरी त्याला 'डिटेन केलं' म्हणायची. मधुमती 'अटक' म्हणायची, आणि तो शब्द घराबाहेर कधी उच्चारायची नाही.

"आई, बाबा, एक ऐका," पाहुणे यायच्या आधी वल्लरी म्हणाली. "जे आहे ते सांगा. मतलब, जसं आहे तसं. वाढवू नका, लपवू नका."

"तू काळजी करू नकोस," सदाशिव वर्तमानपत्रामागून म्हणाला.

पाहुणे वेळेवर आले. सुशीला मीणा साठी उलटलेल्या होत्या, कडक इस्त्रीची सुती साडी, पायात कापडी बूट. पूर्वी कॉलेजात शिकवत, आता न्यासाचं काम बघत. त्यांच्याबरोबरचा गौरांग तिशीतला होता आणि काही वर्षांपूर्वी त्याने स्वतः हीच अभ्यासवृत्ती घेतली होती. सोफा फार खाली आहे, गुडघे दुखतात, असं म्हणून सुशीलाजी सरळ दिवाणावर जाऊन बसल्या. चादर सारखी करायच्या निमित्ताने मधुमतीने झाकणाची फट बघितली. बंद होती.

वल्लरीशी दोन वाक्यं बोलून सुशीलाजींनी तिला बागेत फिरून यायला सांगितलं. दार लागलं. मधुमतीने पोह्यांच्या बशा पुढे केल्या. बोलणं हिंदीत सुरू झालं.

"वल्लरी घरात कशी असते?" गौरांगने विचारलं.

"शांत. उलटं बोलायचं माहीतच नाही तिला. स्वयंपाक सगळा येतो. भाकरीसुद्धा."

गौरांगने बशीकडे बघितलं. "पोहे तिने केले?"

"तिनेच," मधुमती म्हणाली. "हा टेबलावरचा रुमाल पण तिनेच भरलाय."

रुमाल वल्लरीने आठवीत अर्धा भरला होता. उरलेला अर्धा कोणी भरला हे सांगायची गरज नव्हती.

"मैत्रिणी खूप असतील?"

"मोजक्याच. चांगल्या घरच्या. दिवेलागणीला घरात असते."

"आणि तिच्या संघटनेचं काम? त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

मधुमतीने सदाशिवकडे बघितलं. तो प्रसन्नपणे हसला, आणि पाहुण्यांना आणखी पोहे वाढ म्हणावं तशा स्वरात मराठीत म्हणाला, "डिसेंबरचं काढू नकोस."

"नाही काढत," मधुमतीनेही हसत मराठीतच उत्तर दिलं. "भोंगा दिवाणात टाकलाय."

"कुठल्या?"

"ह्याच. बाई बसल्यात त्याच्यावर."

ही त्यांची जुनी सवय होती. बापू बाजारात दुकानदारासमोर भाव ठरवताना, घरमालकासमोर भाड्याचं बोलताना, डॉक्टरांच्या खोलीत, बँकेत, जिथे चारचौघांत खाजगी बोलायचं तिथे ते मराठीचा पडदा ओढून घेत. इतक्या वर्षांत कोणी तो सारला नव्हता. शिवाय आज कूलर घरघरत होता. सुशीलाजींनी लिंबाची फोड पोह्यांवर पिळली आणि शांतपणे खात राहिल्या.

"ते काम आता फारसं नाही," सदाशिव हिंदीत म्हणाला. "कॉलेजात सगळेच थोडंफार करतात."

गौरांगने बशी खाली ठेवली. "भाईसाहब, तुम्ही कोल्हापूरला जाणार. वल्लरी इथे एकटी राहणार. समजा एखाद्या दिवशी तिला पोलिसांनी नेलं. तिच्यासाठी कोण येईल?"

"ती वेळच येणार नाही. तिने ते सगळं सोडलंय."

"सोडलंय?"

"पूर्ण."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून," सदाशिव म्हणून गेला.

"हिवाळ्यात काय झालं?"

"काही नाही. परीक्षा होत्या."

गौरांगने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मधुमतीला वाटलं, आता विषय बदलावा. तिने चहाचं विचारलं.

"मी जरा स्पष्ट बोलतो," गौरांग म्हणाला. "गेल्या आठवड्यात आम्ही बस्सीला जाऊन आलो. तिथल्या मुली म्हणाल्या, वल्लरीदीदी दर शनिवारी येते, आमच्या बसमध्ये बसून कॉलेजपर्यंत येते. पुढची सभा तीच घेणार आहे. तिने अर्जातही तेच लिहिलंय. तुम्ही म्हणता, सोडलं. दोन्ही खरं असू शकत नाही. तुमचं खरं असेल तर तिने आम्हाला फसवलं, आणि फसवणाऱ्याला आम्ही अभ्यासवृत्ती देत नाही, कितीही हुशार असो. शिवाय ही अभ्यासवृत्ती आहेच मुळी काम करणाऱ्यांसाठी. सोडून दिलेल्यांसाठी नाही."

मधुमतीने सकाळपासून केलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं: गुंडाळलेली पोस्टरं, घडी घातलेला फलक, चादर. जे झाकलं तेच बघायला ही माणसं आली होती. शांत, सोज्वळ, दिवेलागणीला घरात येणारी मुलगी त्यांना नको होती. आपण आपल्या हाताने मुलीचं नाव खोडतोय.

तिने घाईने सदाशिवकडे बघितलं. त्यालाही हाच धक्का बसला असेल, तो आता काहीतरी सावरून घेईल, अशी तिची खात्री होती. सदाशिवला धक्का बसला नव्हता. ऑफिसातलं एखादं प्रकरण मनासारखं निकाली निघाल्यावर त्याचा चेहरा जसा निवांत व्हायचा, तसा आत्ता दिसत होता. पत्रक त्याने वाचलं होतं. हे लोक काय बघायला येतात ते त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने पोस्टरं उचलली तेव्हा तो समोरच बसला होता, आणि एक शब्द बोलला नव्हता.

"अहो," ती मराठीत म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

"हळू बोल."

"माहीत होतं ना?"

"राहू दे, मधू." तो अजून हसतच होता, पाहुण्यांसाठी. "आपण कोणाचं वाईट करत नाही आहोत. गप्प बसायचं. ते उठून जातील. पोरगी आपल्याबरोबर येईल."

"आणि तिला काय सांगायचं?"

"नाही मिळाली. कितीतरी जणांना नाही मिळत."

"तिने सांगितलं होतं, लपवू नका म्हणून."

"ती चोवीस वर्षांची आहे. तिला काय कळतंय."

गौरांगने पिशवी खांद्याला लावली. मधुमती जागची हलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, परक्यासमोर नवऱ्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. घरात भांडली असेल, रुसली असेल, पण बाहेर नाही. आज तोंड उघडलं तर दोन अनोळखी माणसांसमोर तो खोटा ठरणार होता. आणि नाही उघडलं तर थोड्याच वेळात वल्लरी जिना चढून येणार होती, आईच्या तोंडाकडे बघणार होती, आणि विचारणार होती, कसं झालं.

"तर मग आम्ही निघतो," गौरांग उठत म्हणाला. "वल्लरीला काय ते कळवू."

"थांबा," मधुमती म्हणाली. ती सुशीलाजींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली, "दीदी, जरा उठता का? मला दिवाण उघडायचाय."

सुशीलाजींनी रिकामी बशी टेबलावर ठेवली, गुडघ्यावर हात टेकला आणि सावकाश उठल्या.

"मी मघापासून वाट पाहून राहिले होते," त्या म्हणाल्या. "पोहे चांगले झालेत म्हणून बसले होते."

त्या हे मराठीत म्हणाल्या होत्या. जरा अडखळत, खानदेशी वळणाची, पण स्वच्छ मराठी.

सदाशिवच्या मांडीवरचं वर्तमानपत्र घसरून खाली पडलं. त्याने ते उचललं नाही. भोंगा दिवाणात टाकलाय. बाई बसल्यात त्याच्यावर. राहू दे मधू, ते उठून जातील. एकेक वाक्य मधुमतीला परत ऐकू येत गेलं.

"तुम्हाला मराठी येते," ती म्हणाली.

"आमचे यजमान रेल्वेत होते. भुसावळला बारा वर्षं काढली. पोरं तिथेच शिकली."

"मग आधी सांगायचंत." मधुमतीला शरमेपेक्षा आता रागच जास्त आला होता. "हे बरं नाही केलंत तुम्ही."

"नाहीच बरं," सुशीलाजींनी कबूल केलं. "पण आधी सांगितलं असतं तर तुम्ही इंग्रजीत कुजबुजला असता. माझं इंग्रजी कच्चं नाही, तरी ऐकायला मजा येत नाही." मग त्या गौरांगकडे वळून हिंदीत म्हणाल्या, "तू बस. अजून झालं नाही आपलं."

गौरांगला काय झालं ते कळलं नव्हतं, पण तो बसला.

मधुमतीने चादर ओढली, झाकण वर केलं आणि रजया बाजूला सारल्या. फलक, पोस्टरं, भोंगा. फलक आणि भोंगा तिने पोह्यांच्या बशांमध्ये टेबलावर ठेवले.

"हे तिचं," ती म्हणाली. "मी लपवलं. तिने नाही. पोहेही मीच केलेत. आणि दिवेलागणीला घरात येते हे खोटं आहे, कधी येते ते मला विचारू नका."

गौरांगने भोंगा उचलला. त्याच्या हातांना ती वस्तू ओळखीची होती. त्याने बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. मग उलटा करून मागचं झाकण काढलं.

"ह्यात सेल नाहीत."

"असं कसं? बिघडलाय ना तो?" मधुमती म्हणाली. डिसेंबरपासून वल्लरी म्हणत होती की पोलिसांच्या गाडीत आपटला तेव्हापासून बंद पडलाय. प्रत्येक सभेनंतर घसा बसवून यायची. मधुमती तिला हळदीचं दूध करून द्यायची.

"मी काढलेत," सदाशिव म्हणाला.

मधुमतीने त्याच्याकडे बघितलं, आणि तिला डिसेंबरातली ती संध्याकाळ आठवली. ती सुशीलाजींकडे वळली.

"तुम्ही विचारलंत, कोण येईल. मागच्या वेळी कोण आलं होतं ते सांगते. हे गेले होते. ऑफिसातून तसेच, अंगात स्वेटर नव्हता. थंडीत ठाण्याच्या फाटकाबाहेर उभे होते. वल्लरीबरोबर बस्सीच्या मुली होत्या, त्यांच्या घरी कळवायची सोय नव्हती. कळलं असतं तर कॉलेजच बंद झालं असतं त्यांचं. सगळ्यांचे पालक म्हणून ह्यांनीच सह्या केल्या. तिथला साहेब सगळ्यांदेखत म्हणाला, पांढरपेशी नोकरी करता, आणि एक पोरगी आवरता येत नाही? हे ऐकून घेतलं ह्यांनी. मुलींना एकेकीला रिक्षात बसवून दिलं, मग घरी आले. रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, दमले असतील."

"मधू, पुरे," सदाशिव म्हणाला.

सुशीलाजी परत दिवाणाच्या कडेवर टेकल्या. "भाऊ, मी मराठीत विचारते, परत एकदा. तिला नेलं तर कोण येईल?"

सदाशिवने कूलरकडे बघितलं.

"मला परत तिथे उभं राहायचं नाहीये," तो म्हणाला.

"ते मी विचारलं नाही."

"माहितीये." त्याने दोन्ही तळवे मांडीवर पुसले. "बाई, मी जन्मभर विमा काढणाऱ्यांना एकच प्रश्न विचारत आलोय. तुमच्यामागे कोण. त्याचं उत्तर आल्याशिवाय मी कागद पुढे सरकवलेला नाही. त्या दिवशी मी ऑफिसातून निघालो आणि लगेच पोचलो. कोल्हापूरहून पोचायला दीड दिवस लागतो. त्या दीड दिवसात माझ्या पोरीचं काय? तुमचं पत्रक मी परत परत वाचलं. पैसे किती, अहवाल कधी, सगळं आहे. हे नाहीये. मग मी काय करू? मला जे सुचलं ते केलं."

"म्हणून सेल काढले?"

"हो. म्हणून सेल काढले."

सुशीलाजींनी गौरांगला हे थोडक्यात हिंदीत सांगितलं. तो भोंगा हातात घेऊन ऐकत होता.

"पत्रकात नाही, ते बरोबर आहे," सुशीलाजी म्हणाल्या. "लिहायला पाहिजे. तो पहिला दीड दिवस आमचा, भाऊ. हा पोरगा खातीपुऱ्यातच राहतो. मी मालवीय नगरला. आमचा वकील आहे. मी स्वतः दोनदा जाऊन बसलेय ठाण्यात, माझे गुडघे असे असून. पण त्यानंतर घरचं माणूस लागतं. ज्या मुलीमागे घरचं कोणी येत नाही ती पुढच्या वेळी मोडते. मी पाहिलंय. म्हणून घरी येते मी. तर, त्यानंतर?"

जिन्यावर चपलांचा आवाज आला. वल्लरीचा होता, ती दोन-दोन पायऱ्या चढायची. सदाशिवनेही आवाज ऐकला होता.

"त्यानंतर मी," तो म्हणाला. "चिडेन, तिला बोलेन, तुम्हालाही बोलेन. पण येईन."

वल्लरी दार ढकलून आत आली आणि तिथेच थांबली. दिवाण उघडा होता, रजया जमिनीवर होत्या, बशांमध्ये तिचा फलक पडला होता आणि भोंगा गौरांगच्या हातात होता. तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "आई?"

सदाशिव उठला आणि आतल्या खोलीत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात एक जुना मोजा होता. मोज्यातून त्याने सेल काढले, गौरांगकडून भोंगा मागून घेतला आणि ते एकेक करून आत बसवले. एक उलटा बसला, तो काढून परत घातला.

वल्लरी बघत होती. "ते तुमच्याकडे होते?"

"आत राहिले की गळतात," सदाशिव म्हणाला. "यंत्र खराब होतं."

"बाबा, माझा घसा बसत होता रोज."

"हो."

"मतलब, तुम्ही बघत होतात."

"हो," सदाशिव म्हणाला.

वल्लरीने भोंगा घेतला नाही. तो त्याने टेबलावर ठेवला. ती आईजवळ जाऊन बसली आणि पाहुणे जाईपर्यंत वडिलांशी बोलली नाही.

निघताना सुशीलाजी दारात थांबल्या. "निर्णय समितीचा असतो. मी माझं म्हणणं लिहीन. ऐकलं ते सगळं लिहीन, हेही सांगते. तुम्ही काय लपवलंत, का लपवलंत, शेवटी काय म्हणालात."

"सगळं?" मधुमतीने विचारलं.

"तुमच्या मुलीने काय सांगितलं होतं तुम्हाला? लपवू नका."

त्यानंतरचे दिवस घरात जड गेले. वल्लरी वडिलांशी कामापुरतं बोले. सदाशिव खोकी बांधत होता, खोक्यांवर मोठ्या अक्षरांत स्वयंपाकघर, पुस्तकं, देव असं लिहीत होता. वल्लरीच्या खोलीतल्या सामानाला त्याने हात लावला नाही. बांधायचं की नाही, हे तो विचारत नव्हता आणि ती सांगत नव्हती. एका संध्याकाळी वल्लरी वसतिगृहासमोरच्या सभेतून आली तेव्हा तिचा घसा बसलेला नव्हता. मधुमतीच्या ते लक्षात आलं. सदाशिवच्याही आलं असावं, कारण त्याने वर्तमानपत्र जरा जास्तच वर धरलं.

ट्रक आला त्या दिवशी सकाळपासूनच ऊन तापलं होतं. हमालांनी सोफा नेला, कपाट नेलं, कूलरचा सांगाडा नेला. मग दोघे जण दिवाणाला भिडले. तो जागचा हलेना.

"बाबूजी, ह्यात काय भरलंय? आधी रिकामा करावा लागेल."

"तो नाही घ्यायचा," सदाशिव म्हणाला. "तो वेगळ्या टेम्पोत जाणार. खातीपुऱ्याला."

"आतलं सामान काढू का?"

सदाशिवने वल्लरीकडे बघितलं. ती खिडकीत उभी राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होती. बस्सीची बस आज किती वाजता सुटली, असं काहीतरी. तिने वडिलांकडे न बघताच नकाराची मान हलवली.

"असू दे," सदाशिव हमालांना म्हणाला. "सावकाश उचला. तिचं सामान आहे आत."